कंपनीवर दावा लावायचा तर नेमका कुठल्या गावच्या कोर्टात?

घाटमाथा (धागाकर्ता)

मंडळी, कायद्याची जाण असलेल्यांनी जरा मार्गदर्शन करा.

धाकट्या भावाने तासगावजवळच्या शेडसाठी बेदाणा ग्रेडिंगचं मशीन घेतलं. १४ लाख रुपये. कंपनी अहमदाबादची, प्रायव्हेट लिमिटेड, नाव देत नाही. पुण्यात त्यांची शाखा आहे. कोटेशन पुण्याहून मेलवर आलं, माहिती द्यायला माणूसही पुण्याचाच आला होता. ऑर्डर भावाने इथून मेल केली, पैसे इथल्या बँकेतून आरटीजीएस केले. मशीन शेडवर आलं, त्यांच्याच फिटरने बसवलं. पहिल्याच हंगामात मोटार तापायला लागली आणि चाळण तासाभरात थांबते. त्यांचा माणूस बघून गेला, ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम’ म्हणाला, नंतर फोन उचलणं बंद.

बिलाच्या तळाशी ‘चूकभूल देणेघेणे’च्या शेजारी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात छापलंय : सर्व वाद अहमदाबाद न्यायक्षेत्राच्या अधीन. ओळखीतले एक वकील म्हणाले, ‘हेड ऑफिस तिथे, बिलावरही तेच, अहमदाबादलाच जावं लागेल.’ भाऊ म्हणतो, दर तारखेला अहमदाबाद गाठण्यापेक्षा मशीन भंगारात घातलेलं परवडेल. कंपनीला तिच्या गावातच जाऊन गाठायचं असतं का?

सातबारा

मुळीच नाही. बिलावरची ती ओळ बघूनच निम्मे लोक घरी बसतात, आणि ती छापतात त्यासाठीच. सविस्तर जुनी फाईल ताई सांगतील, दिवाणीत त्यांची हयात गेलीय.

जुनी फाईल

हयात अजून जायचीय, पण असो.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम २०. जमीनजुमल्याचा वाद असेल तर कलम १६ लागतं, जमीन जिथे तिथेच दावा, तो प्रश्न इथे नाही. कलम २० मध्ये दाव्याला तीन दारं आहेत. प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण. प्रतिवादी अनेक असतील तर त्यांच्यापैकी एकाचं ठिकाण, पण त्याला कोर्टाची परवानगी किंवा बाकीच्यांची मूक संमती लागते. आणि तिसरं, दाव्याचं कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडलं ते ठिकाण. हे ‘अंशतः’ लक्षात ठेवा, गरीब वादीला तेवढाच आधार असतो.

आता कंपनी. ती ना कुठे राहते ना जेवते. मग ती धंदा कुठे करते, असं समजायचं? कलमाला एक स्पष्टीकरण जोडलंय : कंपनी तिच्या भारतातल्या एकमेव किंवा मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी धंदा करते असं मानावं, किंवा जिथे दाव्याचं कारण घडलं तिथे तिचं दुय्यम कार्यालयही असेल तर त्या ठिकाणी. या ‘किंवा’वरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं.

पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी, १९९१. तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरच्या व्यापाऱ्याने वेलदोड्याचा माल दिल्लीला पोचवायला ट्रान्सपोर्टकडे सोपवला. दिल्लीच्या गोदामात आग लागून माल खलास. ट्रान्सपोर्ट कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, करारात अट : वाद फक्त मुंबईत. व्यापाऱ्याने दावा तिकडे तमिळनाडूतच लावला. कंपनी म्हणाली, मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणजे मुंबईच्या कोर्टाला अधिकार आहेच, आणि अटीनुसार फक्त त्यालाच. न्यायालयाने मानलं नाही. जिथे कारण घडलं तिथे कंपनीची शाखा आहे ना, मग स्पष्टीकरणाच्या दुसऱ्या भागानुसार धंद्याचं ठिकाण ती शाखा, मुख्य कार्यालय नाही. मुंबईत कारणाचा काही भाग घडला असं कंपनीने म्हटलंच नव्हतं. म्हणजे मुंबईच्या कोर्टाला मुळात अधिकारच नव्हता, आणि जो अधिकार कायद्याने नाही तो दोघांनी सह्या करून निर्माण होत नाही.

तेव्हा ‘हेड ऑफिस तिथे म्हणून दावाही तिथे’ हे गणित अर्धवट आहे. तुमच्या प्रकरणात कोटेशन पुण्याचं, शाखा पुण्यात. पुण्याचं कोर्ट उघड दिसतंय. आणि मशीन तासगावात पोचलं, बसलं, बिघडलं, म्हणजे कारणाचा मोठा भाग सांगली जिल्ह्यात. तिथे शाखा नसली तरी तिसरं दार उघडं आहे.

कोरा कागद

ताई, दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर धागाकर्ते उद्या वादपत्र घेऊन कोर्टात उभे राहतील. मी एका कंपनीच्या विधी विभागात होतो, त्या बारीक अक्षरांचा मसुदा करणाऱ्यांपैकीच एक म्हणा. (शिव्या घाला.)

हकम सिंग विरुद्ध गॅमन इंडिया, १९७१. दोन किंवा जास्त कोर्टांना अधिकार असेल तर पक्षकार आपसांत ठरवून त्यातलं एकच निवडू शकतात. असा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नाही, कोर्टात जायला बंदी घालणारे करार रद्द ठरवणाऱ्या, करार कायद्याच्या कलम २८ लाही बाध येत नाही. तिथे वाराणसीत केलेला अर्ज टिकला नाही, मुंबई ठरली होती म्हणून मुंबईच. अहमदाबादेत कारणाचा एक तुकडा जरी घडला असेल, समजा मशीन तिथे बनलं आणि पैसे तिथल्याच खात्यात जमा झाले, तर अहमदाबाद हे अधिकार असलेल्या कोर्टांपैकी एक झालं. मग ती ओळ जिवंत होते.

जुनी फाईल

बरोबर. पण ओळ करारात असली तर. इथे ती फक्त बिलावर आहे. ऑर्डर गेली, पैसे गेले, माल निघाला, त्यानंतर बिल आलं. करार आधीच पुरा झाला होता आणि ही अट त्यात नव्हती, असं म्हणायला भरपूर जागा आहे. शिवाय ‘फक्त’ हा शब्द नाही. एबीसी लॅमिनार्ट विरुद्ध ए.पी. एजन्सीज, १९८९ : सौद्याच्या अटींत ‘खेडा (गुजरात) न्यायक्षेत्राच्या अधीन’ एवढंच होतं, ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ नव्हतं. न्यायालय म्हणालं, बाकीच्या कोर्टांचा अधिकार त्याने संपत नाही. तमिळनाडूत सेलमला लावलेला दावा टिकला.

कोरा कागद

आणि २०१३ चं स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल? त्यात ‘फक्त’ नसतानाही कोलकाता हेच एकमेव ठिकाण धरलं. एका गावाचं नाव घेतलं म्हणजे बाकीची वगळलीच, असा अर्थ लावला. ‘फक्त’ नाही यावर आता विसंबू नका.

जुनी फाईल

मान्य. म्हणून तर माझा भर अट करारात आहे की नाही यावर आहे. घाटमाथा, कोटेशनच्या मागच्या बाजूला अटी आहेत का, ते आधी बघा. पीडीएफ असेल तर शेवटचं पान. लोक पहिलं पान जपतात, अटींचं पान कुणीच उघडत नाही.

सरकी पेंड

खामगावकर म्हणून हजेरी लावणं भाग आहे!

करार कुठे झाला यावरही ठिकाण ठरतं, आणि त्या प्रश्नावरचा देशभर शिकवला जाणारा निवाडा आमच्या गावचा आहे. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल, १९६६. खामगावच्या केडियांकडून सरकी पेंड घ्यायचा सौदा अहमदाबादच्या व्यापाऱ्याने फोनवर केला. माल आला नाही, व्यापाऱ्याने अहमदाबादेत दावा लावला. केडिया म्हणाले, मी खामगावात बसून ‘हो’ म्हणालो, करार खामगावात झाला. न्यायालय बहुमताने म्हणालं, पोस्टाच्या पत्राचा नियम फोनला लागत नाही, ‘हो’ जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबाद. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं होतं.

म्हणजे आमच्या माणसाला अहमदाबादेत खेचलं, धागाकर्त्यांना अहमदाबादवाल्याला सांगलीत खेचायचंय. साठ वर्षांनी परतफेड.

चष्मिष

मस्त माहिती. एक शंका, वेबसाइटवरून घेतलं तर? साइट तर कुठूनही उघडते, मग कुठेही दावा लावता येईल?

जुनी फाईल

साइट उघडते एवढ्यावर नाही. बनियन ट्री होल्डिंगच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की त्या भागातल्या ग्राहकाशी व्यवहार करण्याचा हेतू दिसला पाहिजे आणि व्यवहार झालेला असला पाहिजे. कंपनी तुमच्या पत्त्यावर माल पाठवते, पैसे घेते, तेव्हा प्रश्न उरत नाही. आणि साध्या ग्राहकाला या वाटेने जायची गरजच नाही, खाली येतेच त्यावर.

सातबारा

मधेच एक व्यवहाराची गोष्ट. दावा कुणावर लावताय ते आधी पक्कं करा. मशीनवर चिकटवलेलं नाव ब्रँडचं असतं, कंपनीचं नाव भलतंच निघतं. बिलावर २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, बघा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे तो लेटरहेडवर, बिलांवर छापायलाच लागतो. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ असेल तर नाही. मग पाच अंक उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरं, गुजरात असेल तर ‘जीजे’, मग स्थापनेचं वर्ष, मग ‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, शेवटी सहा अंक. हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकला की नोंदणीकृत पत्ता मिळतो. समन्स त्या पत्त्यावर जातं. आमच्या ओळखीत एकाने डीलरच्या दुकानावरच दावा लावला, कंपनीचं नाव कुठेच नाही, आणि डीलर दुकान बंद करून मोकळा.

जुनी फाईल

यात थोडी भर. नोंदणीकृत कार्यालय आणि मुख्य कार्यालय एकच असेल असं नाही. नोंदणी एका शहरात आणि सगळा कारभार दुसरीकडून, असं सर्रास असतं. समन्ससाठी संहितेचा आदेश २९ : सचिव, संचालक किंवा प्रमुख अधिकाऱ्यावर बजावता येतं, किंवा नोंदणीकृत कार्यालयात ठेवून, पोस्टाने. शाखा ही कायद्याने वेगळी व्यक्ती नाही. त्यामुळे ‘शाखा व्यवस्थापक, पुणे’ एवढंच प्रतिवादी करू नका. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, आणि खाली पुणे शाखेचा पत्ता.

रानवारा

चुकीच्या कोर्टात लावला तर काय होतं? दावा बुडतो का?

जुनी फाईल

बुडत नाही, पण दमछाक होते. आदेश ७ नियम १० खाली वादपत्र परत मिळतं, योग्य कोर्टात दाखल करा म्हणून. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ ने मुदतीतून वगळता येतो. पण नव्या कोर्टात काम जिथे थांबलं तिथून पुढे चालत नाही. एक्सल करिअर्स विरुद्ध फ्रँकफिन, २०२० : सगळं पहिल्यापासून. साक्षीपुरावा झाला असेल तर तोही पुन्हा.

दुसरी बाजू अशी की, स्थळसीमेचा आक्षेप कंपनीने पहिल्या संधीला, मुद्दे निघण्याच्या (वादाचे प्रश्न कोर्टाने ठरवण्याच्या) आधी घ्यायला हवा, कलम २१. तेव्हा गप्प राहून अपिलात ‘कोर्टच चुकीचं होतं’ म्हणता येत नाही, अन्याय झाल्याचं दाखवल्याशिवाय. अर्थात कंपनीचे वकील हा आक्षेप विसरत नाहीत. कैफियतीच्या, म्हणजे लेखी उत्तराच्या, पहिल्या पानावर असतो. म्हणून वादपत्रात ‘दाव्यास कारण मे. कोर्टाचे स्थळसीमेत घडले’ हे ठोकळेबाज वाक्य टाकून भागत नाही. कुठल्या तारखेला, कुठे, काय घडलं ते लिहा : मशीन अमुक दिवशी शेडवर उतरलं, फिटरने बसवून सही घेतली, अमुक दिवशी बंद पडलं.

कोरा कागद

दिवाणी वाटेने जाणार असाल तर आणखी एक अडसर. व्यापारी वाद असेल आणि रक्कम ३ लाखांच्या वर, तर वाणिज्य न्यायालय कायदा २०१५ लागू शकतो. त्यातल्या कलम १२अ प्रमाणे तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते. पाटील ऑटोमेशनच्या निकालात, २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे सक्तीचं ठरवलं. मध्यस्थी टाळून गेलात तर वादपत्र परत नाही मिळत, फेटाळलं जातं.

चष्मिष

बाप रे. यापेक्षा भंगारवाला बरा.

जुनी फाईल

थांबा, ग्राहक आयोगाचं दार राहिलं, आणि माझ्या मते तुमचं दार तेच आहे.

१९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात ‘कंपनीची शाखा असेल तिथे’ तक्रार चालायची. लोकांनी त्याचा अर्थ कुठलीही शाखा असा घेतला. सोनिक सर्जिकलच्या प्रकरणात गोदामाची आग अंबाल्यात, विमा अंबाल्याचा आणि तक्रार चंडीगडला, कारण विमा कंपनीची शाखा तिथेही होती. सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली : शाखा म्हणजे कारण जिथे घडलं तिथली. नाहीतर लोक हव्या त्या राज्यात तक्रारी करत सुटतील.

२०१९ च्या नव्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, चित्रच पालटलं. कलम ३४ मध्ये नवीन ठिकाण आलं : तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो ते ठिकाण. कंपनी कुठलीही असो, शाखा कुठेही असो, भावाची तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात चालते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १४ लाखांना फी ४०० रुपये. ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते.

कोरा कागद

ग्राहक? मशीन धंद्यासाठी घेतलंय. ‘व्यापारी कारणासाठी’ घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही, पहिला आक्षेप हाच येणार.

जुनी फाईल

येणारच. पण अपवाद आहे : स्वतः काम करून पोट भरण्यासाठीच माल घेतला असेल तर तो व्यापारी कारण धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स, १९९५, हा त्यावरचा मूळ निवाडा. स्वतः रिक्षा चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक. मदतीला एकदोन माणसं घेतली तरी ग्राहकच. गंमत अशी की, त्यातला तक्रारदार महाराष्ट्रातला छोटा कारखानदार होता आणि त्याचं स्वतःचं मशीन या व्याख्येत बसलं नाही, कारण मशीन आणि कामाचा आवाका एका माणसाच्या पोटापाण्याच्या मानाने मोठा ठरला. घाटमाथा, भावाचा आवाका किती?

रानवारा

दोन ओळी अवांतर : नोकरीच्या करारात ‘वाद फक्त मुंबईत’ असतं, ते चालतं का? माझी भाची नागपुरात कामाला आहे.

कोरा कागद

चालतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी बँकेच्या पाटण्यातल्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात ती अट उचलून धरली. मात्र मुंबईच्या कोर्टाला मुळात अधिकार असायला हवा, हे तिथेही आहेच. नेमणूक कुठून झाली, काढण्याचा निर्णय कुठे झाला, त्यावर.

सातबारा

सांगलीत जिंकून उपयोग काय, हा माझा जुना प्रश्न. कंपनीची मालमत्ता अहमदाबादेत. हुकूमनामा भिंतीवर लावायचा का?

जुनी फाईल

दिवाणी हुकूमनामा कलम ३९ खाली दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करता येतो, दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) तिकडे चालते. वेळ जातो, नाकारत नाही. पुण्याच्या शाखेत जप्तीजोगं काही असेल तर पुण्याकडेही वर्ग होतो. ग्राहक आयोगाचा आदेश मात्र नुसता वसुलीपुरता नसतो. पाळला नाही तर कलम ७२ : एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. आयोगाचं वॉरंट निघालं की कंपनीच्या विधी विभागाला अचानक सांगलीचा पत्ता सापडतो.

कोरा कागद

सापडतो. अनुभव आहे.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावलं नव्हतं. कोटेशनची पीडीएफ उघडली. शेवटच्या पानावर अट आहे : वादासाठी फक्त अहमदाबादची न्यायालयं, आणि त्याआधी लवाद. पैसेही अहमदाबादच्या खात्यातच गेलेत. म्हणजे दिवाणी दावा इथे टिकणं अवघड, असं मला तरी कळलं.

आवाक्याचं म्हणाल तर मशीन भाऊ आणि वहिनीच चालवतात. हंगामात निवडायला दोन बायका रोजंदारीवर असतात. दुसरा धंदा नाही. मशीन मागच्या वर्षी फेब्रुवारीत बसलं, मार्चमध्ये बंद पडायला लागलं.

जुनी फाईल

मग दिवाणीचा नाद सोडा. ती अट तिथे तुम्हाला नडणार. ग्राहक कायद्याचा उपाय कलम १०० प्रमाणे इतर कायद्यांच्या जोडीला आहे, आणि लवादाच्या अटीने आयोगाचा अधिकार जात नाही हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग, २०१८, मध्ये पक्कं झालंय.

भाऊ आणि वहिनी स्वतः चालवतात, दुसरं उत्पन्न नाही, हे तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच शपथेवर लिहा, आक्षेप येण्याची वाट बघू नका. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. तुमच्याकडे वेळ आहे पण फार नाही. मशीन दुसऱ्या कुणाकडून उघडू नका, दोष तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागेल आणि मोटार कुणी हाताळली यावरच कंपनी भांडेल. त्यांचा माणूस ‘व्होल्टेज’ म्हणून गेला, ते त्याने सर्व्हिस रिपोर्टवर लिहून सही केलीय का? असेल तर वीज मंडळाकडून त्या महिन्यांच्या पुरवठ्याची नोंद मागवा.

घाटमाथा

रिपोर्ट आहे, सही आहे. अर्ज उद्याच देतो.